इस्पितळाच्या वहीत नसलेलं

१७ ऑक्टोबर

मानेतली गाठ साधी नाही. डॉ. मिझुशिमांनी कागदावर शब्द लिहून दाखवला, मला कमी ऐकू येतं असं त्यांना वाटलं असावं. मला छान ऐकू येतं. मी पुन्हा पुन्हा "काय?" म्हणत होते, ते वेगळ्या कारणाने.

लिम्फोमा. कर्करोगच, पण रक्तातल्या पेशींचा. मानेत एक गाठ, पोटात दोन. झपाट्याने वाढणाऱ्या.

"उपचार नाही केले तर?"

"काही महिने."

"आणि केले तर?"

"हा बरा होऊ शकणाऱ्यांपैकी आहे, तोगाशीबाई. एक्याऐंशीव्या वर्षीसुद्धा. पण तुमच्या शरीराला औषध पेलेल का, ते आधी तपासावं लागेल."

मला नात असती तर ती या डॉक्टरीणबाईंच्या वयाची असती. त्यांची नखं अगदी बारीक कापलेली होती. मी नखांकडेच बघत बसले.

बसमधून उतरल्यावर पहिला विचार आला की बांगडा भाजायला उशीर झाला, नोबुचं ताट राहिलं. मग कोपऱ्यावरच थांबले. मी गेले तर ताट वर कोण नेणार?

१९ ऑक्टोबर

नोबुला काही सांगितलं नाही. सांगणार कसं? बंद दाराला?

वरच्या खोलीत कोंडून घेतलंय त्याने, त्याला एकोणीस वर्षं झाली. सेंदाईची नोकरी सोडून आला तेव्हा बत्तीसचा होता. म्हणाला, आई, आठवडाभर झोपतो. आता एक्कावन्नचा आहे. त्याचे वडील अकरा वर्षांपूर्वी गेले, तेव्हाही जिन्यापर्यंत आला आणि परत फिरला. मी सकाळ-संध्याकाळ दाराशी ताट ठेवते, रिकामं उचलून आणते. मी बाजारात गेले की अंघोळ करतो, एवढं ओल्या टॉवेलवरून कळतं. कधी आतून "हं" येतं. शाळेच्या स्वयंपाकघरात मी तीस वर्षं रोज तीनशे पोरांचं जेवण रांधलं. आता एकाचं.

शेजारच्या सुगावाराबाईंना वाटतं तो तोक्योला असतो. मीच सांगितलंय तसं.

२४ ऑक्टोबर

आज परीक्षा होती. नर्स कुदो म्हणाली, "परीक्षा नाही हो आजी, नुसती पाहणी." पाहणी असती तर तिने हातात घड्याळ धरलं नसतं.

खुर्चीतून हात न टेकता पाच वेळा उठा. चार मीटर चाला. वर्षभरात पडलात का? (नाही म्हटलं. मार्चमध्ये पडले होते.) वजन किती उतरलं? शंभरातून सात वजा करत जा. छत्री, वाटाणा, पूल हे तीन शब्द लक्षात ठेवा. गोल काढा, त्यात घड्याळाचे आकडे घाला, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. काटे दोनदा खोडून काढले. "वाटाणा" आठवायला इतका वेळ लागला की मला घाम फुटला.

"घरी कोण कोण असतं?"

"मी एकटीच."

पटकन बोलून गेले. खरं सांगितलं असतं तर समाजसेवावाली बाई घरी आली असती, दार ठोठावलं असतं. तो त्या धक्क्याने काय करील कोण जाणे. वर्तमानपत्रात वाचतो ना आपण.

"अडीनडीला कुणी?"

"शेजारीण आहे."

कुदोने निळी वही दिली. रोजचा ताप, जेवण, पडझड, सगळं त्यात लिहायचं आणि दर खेपेला आणायची. त्यात मी लिहीन ते त्यांच्यासाठी. खरं काय ते इथे.

३१ ऑक्टोबर

पास झाले, पण काठावर. डॉक्टर म्हणाल्या, औषध देऊ, पण निम्म्याहून थोडं कमी. "ऐंशीच्या पुढे आम्ही असंच देतो. पूर्ण मात्रेने आजाराआधी माणूसच झोपतं."

मला वाटतं त्यांनी आशा सोडलीय. पूर्ण पैसे घेऊन अर्धी वाटी भात वाढावा तसं. घरी येऊन पंचवीस वेळा खुर्चीतून उठले-बसले. औषध आणखी कमी केलं तर?

५ नोव्हेंबर

पहिलं सलाईन. सकाळी नऊ ते चार. एक औषध लालभडक, सरबतासारखं. ते नळीतून हाताकडे सरकताना बघवेना, म्हणून शेजारच्या आजोबांकडे बघितलं. तेही माझ्याकडेच बघत होते. आम्ही दोघांनी मान लववली. एवढीच ओळख.

पाच दिवस गोळ्यांचा ढीग. वर ताट नेताना जिन्यावर दोनदा बसावं लागलं.

९ नोव्हेंबर

आज एक विचित्र गोष्ट झाली. तांदूळ धुवायला गेले तर भांड्यात तांदूळ धुतलेलेच, पाणीही मापात घातलेलं. मी कधी धुतले? काही आठवेना. दुपारी झोपले होते, त्याआधी धुतले असणार.

छत्री, वाटाणा, पूल. हे बरोबर आठवतं.

१४ नोव्हेंबर

केस उशीवर राहू लागले. त्याचं काही नाही.

भीती दुसऱ्याच गोष्टीची आहे. कपडे वाळत घालून डोळा लागला. उठून बघते तर आत आणून घड्या घातलेले. घड्या माझ्यासारख्या नाहीत, बाह्या आत दुमडलेल्या. म्हणजे हातांनाही माझी सवय राहिली नाही. परवा गॅसचा मुख्य खटका बंद सापडला, मी तो कधीच बंद करत नाही. माझ्या धाकट्या बहिणीचंही असंच सुरू झालं होतं. शेवटी ती स्वतःच्या घरात पाहुण्यासारखी बसायची, "येते हं आता" म्हणत.

रोज सकाळी जुन्या कागदांच्या पाठीवर घड्याळ काढते. अकरा वाजून दहा. घड्याळ बरोबर येतं. मग घड्या कोणी घातल्या?

हे कळलं तर औषध थांबवतील. वेडी म्हातारी जगवून काय करायची? तेही बरोबरच आहे म्हणा. पण वर ताट नेण्याइतकी शुद्ध तर अजून आहे मला.

१८ नोव्हेंबर

न्हाणीघरात घसरले. कंबर हिरवीनिळी झालीय. आवाज मोठा झाला असावा, कारण वर धपधप पावलं वाजली, जिन्याच्या तोंडापर्यंत आली आणि थांबली. मी ओरडून म्हटलं, "बादली पडली रे!" पावलं बराच वेळ तिथेच होती.

निळ्या वहीत: पडझड नाही.

संध्याकाळी न्हाणीघरात रबरी चटई अंथरलेली दिसली. कपाटातली जुनी. मीच काढली असणार. देवा, मी काय काय करते आहे?

२६ नोव्हेंबर

दुसरं सलाईन. मानेतली गाठ बोटाला लागत नाही आता! डॉक्टरांनी चाचपून बघितलं आणि हसल्या. मी हसले नाही, दृष्ट लागेल.

"वहीत सगळं फारच छान आहे," कुदो म्हणाली. "भूक छान, झोप छान, ताप नाही. आजी, तुम्ही मला इथल्या नर्सपेक्षा ठणठणीत दिसता."

"हो ना," मी म्हटलं.

"ताप अडतीसला गेला तर लगेच फोन. कितीही वाजलेले असोत. सलाईननंतर दुसऱ्या आठवड्यात अंगात लढायला शिपाईच नसतात. ते लक्षात ठेवा."

४ डिसेंबर

बर्फ पडला. सकाळी बघते तर फाटकापासून दारापर्यंतची वाट साफ केलेली. सुगावाराबाईंच्या यजमानांचं काम म्हणून मुळ्याचं लोणचं घेऊन गेले.

"अहो फुमिएताई, आमचे हे कंबर धरून बसलेत आठ दिवस. ते कुठले ढकलताहेत बर्फ!" असं म्हणून लोणचं मात्र ठेवून घेतलं. मग माझ्या टोपीकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही बऱ्या आहात ना? मुलाला तोक्योहून बोलावून का घेत नाही?"

"कामात असतो फार."

मीच ढकलला का बर्फ? फावडं ओलं होतं. हाताला फोड नाहीत.

७ डिसेंबर

दुपारी थंडी वाजून आली. ३८.२. निळ्या वहीत ३६.६ लिहिलं.

फोन केला तर ठेवून घेतील. दहा दिवस, पंधरा दिवस. फडताळात शेवया आहेत, पण तो खाली येऊन उकळणार आहे का? सकाळी भरपूर पेज करून ठेवते, तीन दिवस पुरेल अशी. मग फोन करते. नक्की.

८ डिसेंबर

३८.९. पेज ठेवलीय गॅसवर. अक्षर वाकडं येतंय. आता

१५ डिसेंबर, इस्पितळ

कुदोने कागद आणून दिले. माझी वही घरी आहे, नंतर तिच्यात चिकटवीन.

पेज ढवळताना जमीन वर आली, तेवढं आठवतं. पुढचं चार दिवसांनंतरचं. नाकात नळी, दंडात सुई, छताला पट्ट्या. मी मेलेली नाही हे कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा आधी घरची आठवण झाली आणि मी उठायला गेले. कुदोने दाबून धरलं.

"झोपा आजी. रक्तात जंतू गेले होते. आणखी दोन तास उशीर झाला असता तर आपण बोलत नसतो."

"मला घरी जायचंय."

"तुमचा मुलगा बाहेर बसलाय. आत पाठवू?"

"मला मुलगा नाही. मी एकटी राहते."

सवय. जीव परत आल्यावर पहिलं वाक्य हे बोलले मी.

कुदोने हातातली फाईल मिटली. "मग रुग्णवाहिकेतून तुमच्याबरोबर कोण आलं? पायात चपला नव्हत्या, मोजे बर्फाने भिजलेले. तुमच्या सगळ्या गोळ्यांची नावं पाठ. पडल्याची तारीखसुद्धा सांगितली. त्याने आणलेल्या निळ्या वहीतला ताप आम्ही वाचत होतो, तर म्हणाला, ते खोटं आहे, थर्मामीटर शेवटचा आकडा लक्षात ठेवतं, मी काल संध्याकाळी बघितलाय, अडतीस पॉइंट दोन."

ती बाहेर जाऊन आली. खुर्ची रिकामी होती.

"आताच तर होता," ती म्हणाली. "चार दिवस तिथेच होता. भिंतीकडे तोंड करून."

मला मुलगा नाही, हे तिने तर ऐकलं होतंच. दार उघडं होतं. त्यानेही ऐकलं असणार.

१७ डिसेंबर

डॉ. मिझुशिमा आल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. खुर्ची ओढून बसल्या.

"मात्रा ठरवली ती तुम्ही दिलेल्या उत्तरांवरून. पडत नाही, नीट जेवता, एकट्या राहता, शेजारीण बघते. मी दोन महिने दुसऱ्याच बाईवर उपचार करत होते, तोगाशीबाई. ती बाई ठणठणीत आहे. तुम्ही मरणार होतात."

"खरं सांगितलं असतं तर तुम्ही औषध दिलं नसतं."

"दिलं असतं. पडू नये म्हणून व्यायाम शिकवणारी बाई पाठवली असती, रक्तातले शिपाई वाढवायची सुई घरी पाठवली असती. ती पाहणी तुम्हाला नापास करायला नव्हती."

मी रडले. मग मी तेही सांगितलं, तांदळाचं, घड्यांचं, बर्फाचं. डोकं जातंय माझं, म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि फाईलमधला एक कागद काढून माझ्यापुढे धरला. भरती करतानाचा संमतीचा कागद. नाव: तोगाशी नोबुयुकी. नातं: थोरला मुलगा. शाळेत असताना तो 'नोबु'ची शेवटची रेघ अशीच खाली ओढायचा. एकोणीस वर्षांत त्याचं अक्षर मी पाहिलं नव्हतं.

"डोकं तुमचं शाबूत आहे," त्या म्हणाल्या.

तरी मला उलगडायला रात्र जावी लागली. शाबूत कसलं.

२६ डिसेंबर

घरी आले. दाराशी ताट ठेवायला गेले तर दार उघडं होतं, तो मात्र आत नव्हता. खाली आले तर स्वयंपाकघरात उभा होता, माझ्याकडे पाठ करून. डोक्यावर टक्कल पडू लागलंय. बापासारखंच, मागून.

"आई, तू त्या नर्सला सांगितलंस तू एकटी राहतेस."

"तुला त्रास नको म्हणून रे."

"मी नाहीच, असं?"

भांडी आवरल्यासारखं केलं. भांडी आवरलेलीच होती.

"तांदूळ तू धुवत होतास," मी म्हटलं.

"मग कोण? मला वाटलं तुला कळलंय आणि तू मुद्दाम काही बोलत नाहीस. बोललीस तर मला जमणार नाही म्हणून." आणि हळूच म्हणाला, "बरं वाटायचं मला."

आणि मी रोज घड्याळं काढत बसले होते! मी त्याला ते सांगितलं. तो हसला नाही. त्याला आजाराचं पहिल्या आठवड्यातच कळलं होतं, खणात लपवलेला माहितीचा कागद वाचून. संगणकावर सगळं वाचलं होतं. तापाचं, दुसऱ्या आठवड्याचं, फोन करायचं.

"मग आदल्या संध्याकाळीच का नाही केलास फोन?" माझ्या तोंडून गेलं.

त्याच्या मानेवरची शीर हलली.

"रात्रभर हातात धरून होतो. आकडे दाबायचो, समोरून माणूस बोलला की बंद करायचो. तीन वेळा. तू पडल्याचा आवाज आला तेव्हा कुठे…"

तो वर गेला. दार लावल्याचा आवाज आला.

आम्ही दोघांनी मिळून मला जवळजवळ मारलंच होतं. हे वाक्य लिहून मी दिवसभर बघत बसलेय.

७ जानेवारी

तिसरं सलाईन. मात्रा आणखी थोडी कमी, पण बरोबर ती सुई. व्यायामवाली बाई मंगळवारी येते. ती आली की नोबु वर जातो, गेली की खाली येऊन विचारतो, "काय शिकवलं?" आणि माझ्याकडून करून घेतो. तिच्याहून कडक आहे. ताप तोच मोजतो. वहीतही तोच लिहितो. मला खोडताही येत नाही.

समाजसेवावाली बाई एकदा येऊन गेली. दार ठोठावलं नाही. जिन्याखालून नमस्कार केला, पत्र ठेवलं आणि गेली. तो पत्र उचलत नाही. पायरीवर आहे अजून.

१९ फेब्रुवारी

पाचवं झालं. पायांची बोटं बधिर आहेत, सांगितलं. मासा कडू लागतो, सांगितलं. सगळं सांगायचं म्हणजे फार वेळ जातो इस्पितळात.

भीती गेली का? नाही. आधी मला माझ्या मरणाची भीती नव्हती, ताटाची होती. आता तो भात लावतो, बरा लावतो. तर भीती मोकळी झाली आणि थेट माझ्याकडेच वळली. दुपारी बसल्या बसल्या छातीत धडधडतं.

१६ एप्रिल

सहावं मार्चमध्येच झालं. आज शेवटचा स्कॅन झाला. निकाल पुढच्या बुधवारी. नोबुने जेवताना, म्हणजे जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर बसून, विचारलं, "मी येऊ?"

मी "हो" म्हटलं. मग दोघंही घाबरून पटापट जेवलो.

२३ एप्रिल

बसमध्ये त्याला जमणार नाही म्हणाला, सहा किलोमीटर चालत येतो. मी बसने पुढे गेले. रांगेचा आकडा घेऊन पाऊण तास बसले. माझा आकडा पुकारला तरी त्याचा पत्ता नव्हता. परत फिरला असणार. त्याचा राग आला नाही. मी एकटीच आत गेले.

डॉ. मिझुशिमांनी पडद्यावर दोन चित्रं लावली. ऑक्टोबरच्या चित्रात मी दिव्यांनी भरलेली. आजच्यात अंधार, फक्त पोटात एक ठिपका.

"जवळजवळ सगळं गेलंय. हा ठिपका—"

दारावर थाप पडली. नोबु. सदरा घामाने चिकटलेला, बुटांना नदीकाठचा चिखल. डॉक्टरांनी खुर्ची पुढे केली. तो बसला नाही, खुर्चीची पाठ धरून उभा राहिला.

"हा ठिपका उरलेला आजार असेल किंवा नुसती सूज. आज सांगता येत नाही. तीन महिन्यांनी परत बघू."

मी मान डोलावली. मला निघायचं होतं. इतके महिने मी एक प्रश्न विचारला नव्हता, आजही विचारणार नव्हते.

"आजार असेल तर?" नोबु जमिनीकडे बघून म्हणाला. आवाज फाटलेला होता.

"तर आणखी औषधं आहेत. पण या वयात ती पहिल्याइतकी खात्रीची नाहीत. काही जणांना वर्षं मिळतात. काहींना थोडे महिने."

"आणि आई?"

"मला माहीत नाही, तोगाशीसान. खरंच माहीत नाही."

त्या पुढे काय म्हणाल्या ते मी नीट ऐकलं नाही. मी त्याच्या हातांकडे बघत होते. खुर्चीची पाठ त्याने इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली होती. पण सोडली नाही, आणि दाराकडे बघितलंही नाही. "तीन महिने," तो म्हणाला. "जुलै. तारीख द्या."

बाहेर आल्यावर माझे पाय चालेनात. बाकावर बसले तर उठवेना. थोडा वेळ तो समोर उभा राहिला. मग बसथांब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"ये," म्हणाला.

बसमध्ये आठ माणसं होती. मला जागा मिळाली. तो दांडा धरून शेजारी उभा राहिला, डोळे मिटून. कानामागून घाम ओघळत होता. एक शाळकरी मुलगी त्याच्याकडे बघून आईच्या कानात काहीतरी बोलली, तेव्हा त्याचा श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. मला वाटलं आता हा मध्येच उतरेल, आता उतरेल. प्रत्येक थांब्याला दार उघडायचं आणि मी त्याच्या बुटांकडे बघायचे. एकूण अकरा थांबे. मी मनात ते मोजत होते. त्याचेही ओठ हलत होते.

आमचा थांबा आला. त्याने डोळे उघडले आणि मला उठवायला हात पुढे केला. मी धरला. माझ्या हातापेक्षा त्याचा हात गार होता.